भावोजींच्या इंजिनाचा अशक्तपणा

लेखन हा माझा प्रांत नव्हे. आयुष्यभर मुलींचे निबंध तपासले; स्वतः काही लिहावे असे वाटू लागले ते निवृत्तीनंतर, आणि तेही कोणाला न सांगता. तेव्हा या धारिष्ट्याबद्दल वाचकांची आधीच क्षमा मागते. परंतु माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे भावोजी, यांच्याविषयी कोणीतरी लिहायलाच हवे. कारण या जगात काही निरोगी असू शकते यावर इतका अविश्वास असणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

भावोजी सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होते. नोकरी संपली, शुश्रूषा संपली नाही. आगरदांड्याच्या त्यांच्या अंगणातली जास्वंद त्यांच्या मते सदैव थकलेली असते, भिंतीवरच्या घड्याळाला दम लागतो, आणि मी मुरुडहून एसटीने पोहोचले की ‘कशी आहेस’ असे विचारण्याआधी ते माझ्या डोळ्याची खालची पापणी पाहतात. मग "रक्त कमी आहे" असे म्हणून ताईला शेंगदाण्याचा लाडू आणायला सांगतात. मी नको म्हटले, तर दोन आणायला सांगतात. एकदा त्यांनी उन्हात सुस्तावलेल्या मांजराला मीठ-साखरेचे पाणी पाजले. ते मांजर तेव्हापासून शेजारी राहते.

अशा माणसाच्या हाती एक जुने इंजिन आले. खाडीपलीकडे दिघीला त्यांचे मित्र हसनभाई राहत. दोघांनी तरुणपणापासून एका होडीत बसून गळ टाकलेले. गुडघ्यांनी दगा दिल्यावर हसनभाईंनी समुद्र सोडला आणि होडीच्या मागे लावायचे आपले टू-स्ट्रोक इंजिन भावोजींना देऊन टाकले. भावोजींनी मिस्त्रीकडून ते पूर्ण उघडून, पिस्टन आणि रिंगा बदलून, नव्याने बांधून घेतले. त्याच सुमारास हसनभाईंचे मुंब्र्याला मुलाकडे कायमचे राहायला जाणे ठरले. जाण्यापूर्वी त्यांनी एकच गोष्ट मागितली. "डॉक्टर, माझ्या मशीनवर मला एकदा खाडीत फिरव. तू यायचं, धक्क्यावरनं मला घ्यायचं. मग मी खुशाल जातो."

भावोजींनी शब्द दिला. अडचण एवढीच होती की इंजिन खाडीच्या मध्यापर्यंतच जात असे. अंगणातल्या पाण्याच्या पिंपात बुडवून चालवले की ते छान गुणगुणे. होडीला लावले की निघतानाही ठीक चाले. पण भर खाडीत त्याचा जोर ओसरे, निळसर धूर सोडत ते खोकू लागे आणि होडी जागच्या जागी डुलत राही. मग कोणीतरी दोर टाकून त्यांना ओढून आणी. "काय डाक्टर, पेशंट आज पन हातचा गेला काय?" असे धक्क्यावरून कोणी ओरडले, की भावोजी गंभीरपणे सांगत, "गेलेला नाही. अशक्तपणा आहे."

रोज संध्याकाळी दोन्ही मित्रांची फोनवरून तपासणी चाले. भावोजी फोनचा आवाज मोठा ठेवत, त्यामुळे ती आम्हां सर्वांना ऐकावीच लागे.

"टाकीच्या झाकणाचा हवेचा स्क्रू उघडलास?"

"उघडला."

"पेट्रोलची नळी?"

"नवी घातली."

"कार्बोरेटर?"

"धुतला. पुन्हा धुतला."

"आणि प्लग?"

"ओला, काळाकुट्ट. कफ झालाय रे."

"मग पूस ना!"

"पुसला. परत होतो."

हसनभाई विचारात पडत, आणि विषय बांगडा मासळीच्या भावावर जाई. अशा इंजिनाच्या पेट्रोलमध्ये वंगणाचे तेल मोजून मिसळावे लागते; ते किती घालतोस, हे मात्र कोणीच विचारले नाही. ज्याने जन्मभर औषधाच्या मात्रा मोजल्या, त्याला ते विचारणे म्हणजे अपमानच.

हसनभाईंच्या जाण्याच्या दोन दिवस आधी मी तेथे होते. भावोजी काचेच्या मापाने पेट्रोलमध्ये तेल ओतत होते. ओतले, थांबले, आणि नातवाच्या भातावर तूप वाढावे तसे आणखी थोडे ओतले. ताई दारातून पाहत होती.

"अहो, मिस्त्रीनं एवढं सांगितलंय?"

"रिंगा नव्या आहेत. पहिल्या टाकीला दुप्पट तेल द्यायचं, असं त्यानंच सांगितलंय."

"पहिल्या टाकीला. ही कितवी?"

भावोजी तेलाच्या बाटलीचे बूच लावू लागले.

"बाळंतिणीला डिंकाचे लाडू देतात. पोर शाळेत जायला लागलं तरी देतात काय? तुमचा पेशंट अशक्त नाय हो, त्याला अजीर्ण झालंय!"

मला हसू आले, परंतु भावोजींचा चेहरा पाहून मी ते गिळले. निदान चुकले याचे त्यांना दुःख नव्हते. आपल्याच मायेने त्याचा जीव घुसमटला, हे त्यांना लागले होते. त्यांनी निमूटपणे टाकी रिकामी केली, नेहमीच्या प्रमाणात मिश्रण केले आणि नवा प्लग बसवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघे निघालो. खाडीच्या मध्यावर इंजिन एकदा खोकले. ताईने माझा हात धरला. मग निळ्या धुराचा एक मोठा लोट बाहेर पडला आणि ते पुढे चालू लागले. दिघीच्या धक्क्यावरच्या दोघांनी धरून हसनभाईंना होडीत उतरवले.

"आता फुल रेस दे."

"अजून नाजूक आहे रे."

"ही मशीन मी पावसापाण्यातनं आणलीय, डॉक्टर. सोड तिला!" असे म्हणत हसनभाईंनी भावोजींच्या हातावर हात ठेवला आणि मूठ पूर्ण फिरवली. होडीचे नाक वर उचलले गेले. हसनभाई डोळे मिटून ऐकत राहिले. भावोजी मात्र ओरडत होते, "कानाला रुमाल बांध! वारा बाधेल!"

हसनभाई मुंब्र्याला गेले. इंजिन आता ठणठणीत आहे. संध्याकाळचा फोन अजून येतो. "मशीन कशी हाय?" "बरी आहे." "काय त्रास?" "काही नाही." मग मासळीचा भावही न विचारता फोन ठेवला जातो.

परवा मात्र भावोजी जरा थांबून म्हणाले, "आज भर खाडीत थोडी खोकली बघ."

"खोकली? कशी? प्लग काढून बघितलास? थांब, मला पहिल्यापासनं सांग." पलीकडचा आवाज एकदम तरुण झाला होता, आणि भावोजी खुर्ची ओढून ऐसपैस बसले.

त्या दुपारी होडीत मी त्यांच्यासोबत होते. इंजिन एकदाही खोकले नव्हते. वाचकहो, मी तेव्हा काही बोलायला हवे होते का?