केल्विन ट्रँटर इथे राहत नाही

पहिलं पाकीट आलं तेव्हा जूझा शिक्लुनाने ते फोडलंसुद्धा नाही. वर नाव कुणा केल्विन ट्रँटरचं आणि खाली पत्ता तिचा, नऊ नंबर, कारमोडी कोर्ट. पोस्टातल्या कुणाची तरी चूक असेल म्हणून तिने त्यावर 'हा माणूस इथे राहत नाही' असं लिहिलं आणि कोपऱ्यावरच्या लाल पेटीत परत टाकून दिलं.

सेंट ऑल्बन्समधल्या त्या आखूड, टोकाला बंद असलेल्या गल्लीत ती लग्न होऊन माल्टाहून आली तेव्हापासून राहत होती. हॉस्पिटलच्या चादरी धुणाऱ्या मोठ्या लाँड्रीत उभं राहून राहून तिचे गुडघे गेले होते. मुलगी मार्लीन लग्नानंतर वर ब्रिस्बेनला गेली. घरात आता ती आणि नवरा विस्तिन, एवढीच दोघं. जूझा गाडी चालवायला कधी शिकली नाही. विस्तिनची होती ती त्यांनी विकून टाकली होती. एकदा तो दोन गल्ल्यांपलीकडे ब्रेड आणायला म्हणून गेला आणि दिवस मावळताना जिलाँगच्या रस्त्यावर पेट्रोल संपून उभा सापडला, त्यानंतरची ही गोष्ट. मार्लीनला जूझाने सांगितलं, "विमा परवडत नव्हता गं." शेजारपाजारच्यांनाही तेच. असं सांगत सांगत तिने घराच्या चारी बाजूंनी एक कुंपणच घालून घेतलं होतं, आणि ते सांभाळता सांभाळता ती थकून गेली होती.

पाकिटं काही थांबली नाहीत. पुढची जूझा फोडून बघायची आणि तसंच लिहून परत पाठवायची. आधी टोल चुकवल्याची आली, मग नको तिथे गाडी लावल्याची, मग लाल दिवा तोडल्याची. गाडी कुठलीशी जुनी स्टेशन वॅगन होती. जूझाने ती कधी पाहिली नव्हती, पण सरकारदरबारी ती तिच्या अंगणात उभी होती.

टपाल आणणं हे विस्तिनचं काम. त्याच्याकडे आता तेवढंच एक काम उरलं होतं, त्यामुळे ते काढून घ्यायचं तिच्या जिवावर येई. तो फाटकाशी जायचा, पेटी उघडायचा, पाकीट उलटंसुलटं करून मोठ्याने वाचायचा.

"जूझ, हा केल्विन कोण?"

"कुणी नाही. चुकून येतंय."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. "जूझ, केल्विनचं पत्र आलंय."

सकाळी मार्लीनचा फोन येऊन गेला हे विस्तिनला दुपारी आठवत नसे. पण हे नाव मात्र त्याच्या डोक्यात घट्ट रुतून बसलं. महिनाभरात केल्विन त्यांचा भाडेकरू झाला. मागच्या खोलीत राहतो, कामाला लांब जातो, घरी यायला उशीर करतो. जेवणाच्या वेळी विस्तिन तिसरी बशी काढायचा.

"ठेव ती आत," जूझा म्हणायची.

"त्याला भूक नाही लागत का? दिवसभर गाडी हाकतो बिचारा."

सुरुवातीला ती त्याला समजावत राहिली. मग एक दिवस दोडक्याच्या सालीसारखं तोंड करून म्हणाली, "बाहेर जेवून येणार आहे तो," आणि विस्तिन मुकाट जेवला. त्यानंतर तिने समजावणं सोडूनच दिलं. खरं बोलायला जेवढी ताकद लागत होती तेवढी खोट्याला लागत नव्हती.

गाड्यांच्या नोंदणीच्या कचेरीला तिने फोन केला. फोन धरून ठेवायला लावून बराच वेळ बाजा वाजवल्यावर एक मुलगी बोलायला आली.

"गाडी तुमच्या नावावर आहे का?"

"नाही. तेच तर सांगतेय. पत्ता माझा आहे."

"मग त्या गाडीबद्दल मला तुमच्याशी बोलता येणार नाही. मालकाची खाजगी माहिती असते ती."

"अगं बाई, माझ्याच घराचा पत्ता आहे तो. माझ्यापासून काय लपवणार तू?"

"मालकालाच फोन करायला सांगा ना मग."

"मालक कोण ते मला ठाऊक असतं तर मी तुझा बाजा कशाला ऐकत बसले असते?"

मुलीने नम्रपणे सांगितलं की कचेरीत प्रत्यक्ष येऊन, ओळखपत्र दाखवून, तो माणूस त्या पत्त्यावर राहत नाही असं लिहून देता येईल.

विस्तिनला घरी एकटं ठेवण्याची सोय नव्हती. तिने त्याला चांगला शर्ट घातला, बसने घेऊन गेली. बाहेर उत्तरेच्या वाळवंटाकडून भट्टीसारखा वारा सुटला होता. विस्तिनला वाटेत दोनदा वाटलं की आपण माल्टाहून जहाजावर चढायला निघालोय. खिडकीशी त्यांचा नंबर लागला तेव्हा जूझाने सगळं पहिल्यापासून सांगितलं. खिडकीतला चष्मेवाला माणूस ऐकून घेत होता, टाइपही करत होता. ती लिहून द्यायला पेन मागणार एवढ्यात विस्तिन पुढे वाकला.

"केल्विनबद्दल चाललंय ना? चांगला माणूस आहे. आमच्याकडेच राहतो."

चष्मेवाल्याचे हात थांबले. "तुमच्याकडे राहतो?"

"मागच्या खोलीत."

"नाही हो," जूझा म्हणाली. "त्यांचा गैरसमज होतोय."

"गैरसमज कसला? काल नाही का तूच म्हणालीस, बाहेर जेवून येणार आहे म्हणून?"

मागे रांग होती. चष्मेवाल्याने एकदा तिच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाला की दोघांचं म्हणणं जुळत नाही तोवर त्याला काही बदलता येणार नाही. एक वाक्य सांगितलं असतं तर सगळं सुटलं असतं. ते तिच्या ओठांपर्यंत आलंही होतं. पण विस्तिन चांगला शर्ट घालून, केस ओले करून भांग पाडून तिथे उभा होता, आणि लोक बघत होते. तिने पिशवी उचलली. परतीच्या बसमध्ये विस्तिन खुशीत होता. आपण केल्विनची बाजू घेतली याचं त्याला समाधान वाटत होतं.

आगीतून फुफाट्यात म्हणतात तसं झालं. पंधरवड्याने थकलेले दंड वसूल करणाऱ्या शेरीफच्या कचेरीची माणसं दारात आली. जूझा मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती. दाराशी बोलणं ऐकू आलं म्हणून ती ओल्या हातांनीच पुढे आली. गणवेशातली एक बाई आणि एक पुरुष पायरीवर उभे होते आणि विस्तिन त्यांच्याशी अदबीने बोलत होता.

"कामावर गेलाय तो. संध्याकाळी भेटेल. गाडी इथेच लावतो, त्या झाडाखाली."

गणवेशातल्या बाईने सरावाच्या सुरात सांगितलं की दंड थकलेत, गाडीला जॅमर लावायचा हुकूम आहे, आणि गाडी लपवून ठेवणं हासुद्धा गुन्हा होतो.

"कसली गाडी लपवणार मी?" जूझा म्हणाली. "आमच्याकडे सायकलसुद्धा नाही."

"मिसेस शिक्लुना, तुम्ही म्हणता तो इथे राहत नाही. तुमचे मिस्टर म्हणतात राहतो. नोंदणीच्या कचेरीतही त्यांनी तेच सांगितल्याचं आमच्याकडे आलंय. आम्ही कुणाचं खरं धरायचं?"

जूझाने हात ॲप्रनला पुसले. आत गॅसवर काहीतरी उतू जात होतं, त्याचा वास येत होता. तिला वाटलं, आता बास.

"माझं खरं धरा," ती म्हणाली. "त्यांचं डोकं ठिकाणावर राहिलेलं नाही. काल काय झालं ते त्यांना आठवत नाही, आणि जे झालंच नाही ते आठवतं. पाकिटावरचं नाव वाचून वाचून त्यांनी हा माणूस घरात आणून ठेवलाय."

गणवेशातला पुरुष बुटांकडे पाहू लागला. विस्तिन तिच्याकडे वळला. मग माल्टी भाषेत, त्या दोघांना कळू नये अशा बेताने, हळूच म्हणाला, "त्यांच्यासमोर कशाला बोललीस?"

म्हणजे त्याला कळत होतं. सगळं नाही, पण एवढं कळत होतं. जूझाला त्याच्याकडे बघवेना.

बाईने फाइल मिटली. तिचा आवाज उतरला होता. "रेल्वेच्या पलीकडे कारमोडी क्रेसेंट म्हणून एक रस्ता आहे," ती म्हणाली. "तिथेही नऊ नंबर असणार. आम्ही बघतो तिकडे जाऊन."

संध्याकाळपर्यंत विस्तिन ते बोलणं विसरून गेला. जूझा नाही विसरली. भांडी घासताना, त्याच्या गोळ्या काढताना ते वाक्य तिच्या कानाशी येत राहिलं, त्याचं नाही, स्वतःचंच.

त्या शनिवारी दुपारी दाराची घंटा वाजली. चमकदार नारिंगी जाकीट घातलेला, रस्त्याच्या कामावर असतात तसा एक रुंद, उन्हाने रापलेला माणूस उभा होता.

"कारमोडी कोर्ट, नऊ नंबर हेच ना? मी केल्विन ट्रँटर. माझी पत्रं परत पाठवणाऱ्या तुम्हीच का?"

इतके महिने ज्या नावाला ती घाबरत होती ते घामाघूम होऊन पायपुसण्यावर उभं होतं. "मीच," ती म्हणाली.

"गाडीला जॅमर लावून गेले माझ्या. ते म्हणाले, नोटिसा सगळ्या इथे येत होत्या. मला एक मिळालेली नाही. एकदा येऊन सांगायचं तरी होतंत."

"कुठे येऊन सांगायचं? पाकिटावर पत्ता तर माझाच होता."

तो मान खाजवत राहिला. "मी क्रेसेंट लिहिलं होतं," तो म्हणाला, आणि जरा थांबून, "निदान लिहिलं असेल असं वाटतं. तेव्हा बायको नुकतीच सोडून गेली होती. काय लिहिलं देव जाणे."

"आणि लाल दिवा?"

"तो मात्र मीच तोडला."

एवढ्यात आतून विस्तिन आला. "कोण आहे, जूझ?"

तिने काही सांगण्याआधी तो माणूसच बोलला. "मी केल्विन."

विस्तिनचा चेहरा असा उजळला की तसा तिने वर्षभरात पाहिला नव्हता. "आलास का एकदाचा! आत ये, आत ये. बूट राहू देत. सूप गरम कर गं याचं."

केल्विनने गोंधळून जूझाकडे पाहिलं. तिच्यात समजावण्याचं त्राण नव्हतं. तिने नुसती मान हलवली. त्याला काय कळलं कोण जाणे, पण त्याने जाकीट काढलं. "उशीर झाला जरा," तो विस्तिनला म्हणाला.

तिने बाकल्याचं, पावट्यासारख्या जाड दाण्यांचं, सूप वाढलं, वर चीज घातलं, ब्रेड कापून दिला. विस्तिन समोर बसून त्याला बोलत होता.

"लाल दिवा दिसला की थांबायचं असतं. घरी पोलीस येतात, बाईमाणूस घाबरतं."

"चुकलं माझं."

"खा. खाताना बोलू नये."

जूझा ओट्याला टेकून उभी राहिली. तिला राग येत होता. या माणसाच्या एका चुकीच्या शब्दापायी तिला काय बोलावं लागलं होतं, आणि हा बसून ब्रेड बुडवून खात होता. आणि तिच्याशी दिवसचे दिवस न बोलणारा विस्तिन त्याच्याशी घडाघडा बोलत होता, त्याचाही राग येत होता. पण रागसुद्धा धड येईना. केल्विनने सूप संपवलं, बशी स्वतः धुतली, आणि जाताना दाराशी म्हणाला, "सोमवारी सुट्टी टाकतो. जाऊ आपण कचेरीत. तिघंही."

सोमवारी खिडकीत तोच चष्मेवाला होता. केल्विनने परवाना पुढे केला, चूक सांगितली. विस्तिनने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "हाच तो. आमच्याकडेच असतो."

चष्मेवाल्याने वर पाहिलं.

"नाही, विस्तिन," केल्विन म्हणाला. "मी क्रेसेंटमध्ये राहतो."

"कधीपासून?" विस्तिनला लागलं होतं ते दिसत होतं.

केल्विनने जरा विचार केला. "आजपासून."

"मग सांगायचंस तरी."

चष्मेवाल्याने काही न विचारता टाइप केलं. एवढ्यावर ते संपलं.

पाकिटं बंद झाली. केल्विन नाताळाच्या सुमारास, इथल्या भर उन्हाळ्यात, एकदा आंब्यांची पेटी घेऊन आला. दार विस्तिननेच उघडलं आणि त्याला ओळखलं नाही. मीटर बघायला कुणी आलंय असं वाटून त्याने मीटर बाजूच्या भिंतीला असल्याचं सांगितलं, आभार मानले आणि दार लावून घेतलं. जूझा धावत बाहेर आली तेव्हा पेटी पायरीवर होती आणि केल्विन फाटकाबाहेर पोचला होता. त्याने लांबूनच हात केला. नंतर तो आला नाही, आणि तिने बोलावलंही नाही.

त्याच दिवशी तिने मार्लीनला फोन लावला आणि विम्याचं खोटं, पेट्रोलचं खरं, सगळं एका दमात सांगून टाकलं. मार्लीन रडेल असं तिला वाटलं होतं. मार्लीन चिडली.

"शेरीफच्या माणसांना सांगितलंस, आणि मला नाही?"

"त्यांनी विचारलं," जूझा म्हणाली.

मार्लीनने फोन आपटला. पण आठवड्याने ती विमानाने आली, बापाला डॉक्टरांकडे घेऊन गेली, चर्चजवळच्या केंद्रात तिने त्याचं नाव घातलं. तिथे म्हाताऱ्यांना दिवसभर सांभाळतात, आठवड्यातून दोनदा बस दारात येते. विस्तिन पहिल्या दिवशी बसमध्ये चढताना ड्रायव्हरशी हात मिळवून आत गेला, मागे वळून पाहिलं नाही.

जूझाने त्या दिवसासाठी बरंच ठरवलं होतं. बाजार करायचा, खिडक्या धुवायच्या, गुडघे दाखवायला जायचं. बस वळणाआड गेल्यावर ती आत आली, चप्पल बदलायला पलंगाच्या कडेला टेकली, आणि एक पाय चपलेत तसाच ठेवून कलंडली. बस परत येऊन हॉर्न वाजला तेव्हा तिला जाग आली.