ती तोफ नव्हती

हमीद गेल्याचं मला चौकातल्या फळ्यावरून कळलं. भाजी घेऊन परत येत होतो. खडूनं मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘तोफवाले हमीदभाई यांचे दुःखद निधन’. आधी ‘तोफवाले’, मग नाव. पिशवी घेऊन मी तिथंच उभा राहिलो आणि मला रडू आलं नाही, संताप आला. संध्याकाळी शोकसभा झाली. आमच्या हिंगोलीचे एक वयोवृद्ध पुढारी बोलायला उठले. म्हणाले, “पोलीस ॲक्शनच्या वेळी हमीदभाईंच्या घरी तोफ सापडली होती. पण गावानं मोठ्या मनानं त्यांना माफ केलं.” लोकांनी माना डोलावल्या. एकदोघांनी टाळ्याही वाजवल्या... शोकसभेत! मी मागच्या रांगेतून उठून बाहेर आलो. तेव्हाही बोललो नाही. न बोलण्याची मला फार जुनी सवय आहे. पोलीस ॲक्शनला आज पन्नासहून अधिक वर्षं झाली. म्हणून आता लिहितो.

ती तोफ नव्हती. ते टेनिसचे चेंडू फेकणारं यंत्र होतं. छावणीकडच्या बाजूला अधिकाऱ्यांचा क्लब होता, मुरमाचं एक टेनिस कोर्ट होतं. निजामाच्या राज्यातले एक मोठे साहेब तिथं खेळायचे. त्यांच्या तोडीचं खेळणारं इथं कुणी नव्हतं, म्हणून त्यांनी ते यंत्र विलायतेहून मागवलं होतं. तेव्हा हैदराबादेतसुद्धा असं यंत्र कुणाकडे असेल असं मला वाटत नाही. हिरव्या रंगाचं लोखंडी धूड, वर चेंडू ठेवायला तिरपी पन्हळ, बाजूला पितळी मुठीचं हँडल. हँडल फिरवलं की आतली स्प्रिंग ताणली जायची, एक दांडा फटकन वर यायचा आणि चेंडू जाळीवरून पलीकडे. मागे एक चक्री होती. ती पिळली की चेंडू उंच किंवा सपाट जायचा. हमीदचे वडील जिनिंगमध्ये फिटर होते. यंत्र पेटीतून निघालं ते अडकलेलंच, तेव्हा साहेबांनी त्यांना बोलावलं. त्यांच्यासोबत हमीद गेला, आणि त्या दिवसापासून तो यंत्राला चिकटला तो चिकटलाच. माझे वडील वकील, त्यांची क्लबात ऊठबस, त्यामुळे मलाही तिथं कुणी हटकत नसे. आम्ही दोघं एका वर्गात. साहेब दौऱ्यावर गेले की कोर्ट आमचं.

मी हँडल फिरवायचो, हमीद खेळायचा. सांगायला लाज वाटते, पण मला खेळणं कधी जमलं नाही. तो मात्र एकाच जागी चेंडू पन्नास वेळा मारायचा आणि तरी त्याचं समाधान व्हायचं नाही. मी कंटाळून म्हणायचो, “आता बस की रे, हात गळून आला.” तो हसायचा. “तुझ्यापेक्षा हे लोखंड बरं हाय, दत्तू. मधीच पाणी प्यायला तरी जात न्हाई.” पुढे साहेबांची बदली झाली. नव्या साहेबांना पत्त्यांचा नाद. त्यांनी सांगितलं, हे धूड इथून उचला. हमीदनं ते बैलगाडीत घालून घरी आणलं आणि घरामागच्या मोकळ्या जागेत दोन खांबांना सुंभाची जाळी बांधली. बघायला अर्धं गाव लोटलं. पहिला चेंडू सुटला तो थेट शेजारच्या मावशींच्या वाळत घातलेल्या पापडांवर. त्या ओरडल्या, “काय उडवून राहिले रे, मेल्यांनो?” मी छाती फुगवून म्हणालो, “तोफ, मावशी, तोफ!” सगळे पोट धरून हसले. हमीदही हसला.

नाव मी ठेवलं. हे कुणालाच ठाऊक नाही, म्हणून ठळकपणे लिहितो. तेव्हापासून गावात यंत्राला तोफ आणि चेंडूंना गोळे म्हणू लागले. लोक रस्त्यात विचारायचे, “काय हमीदमियाँ, आज गोळे किती उडविले?” गोळे फाटले की त्याची अम्मी सुईदोऱ्यानं शिवून द्यायची. हैदराबादच्या स्पर्धेत उतरायचं त्याच्या मनात होतं. तिथं एकदा खेळून यायचं, मग जन्मभर जिनिंगमध्ये पाने-हातोडे वापरायलाही हरकत नाही, असं तो म्हणायचा.

मग ते वाईट वर्ष आलं. रझाकारांचा धिंगाणा सुरू झाला. एका सकाळी त्यांच्यातले चौघं हमीदच्या दारात आले. म्हणाले, तोप है सुना, हमारे काम आएगी. हमीदनं त्यांना मागे नेलं आणि हँडल फिरवलं. शिवलेला एक चेंडू भप्पकन उडून जाळीत पडला. ते एकमेकांकडे बघत राहिले, मग हसत हसत निघून गेले. मी तिथं होतो. ज्यांच्या नावानं आम्ही आजही थुंकतो, त्यांनी निदान ते चालताना पाहिलं. आमच्या लोकांनी तेवढंही केलं नाही.

पोलीस ॲक्शन झाली, निजाम शरण आला. आनंद आम्हालाही झाला. माझ्या घरी साखर वाटली. पण लगेच गावातल्या काही जणांनी आपापसात एक कमिटी काढली, शस्त्रं शोधायची. अधिकार कुणी दिला, हे कुणी विचारलं नाही. तिचा म्होरक्या बाहेरगावचा होता. चौकात खाट टाकून बसला होता. त्यानं विचारलं, “कोणाच्या घरी काही हाय का?” गर्दीत पापडवाल्या मावशींचा थोरला होता. यंत्रातून पहिला चेंडू उडाला तेव्हा पुढच्या रांगेत हाच उभा होता. तो म्हणाला, “हमीदच्या घरी तोफ हाय की! रोज उडविते.” का म्हणाला? वैर म्हणावं तर नव्हतं. त्याला चटकदार बोलायची हौस. पण म्होरक्या हसला नाही. त्यानं गर्दीला विचारलं, “व्हय का?” आणि चार-पाच तोंडं म्हणाली, “व्हय, तोफच म्हणतेत तिला.”

यात खोटं काय? तोफच म्हणत होते! त्यांच्यातल्या प्रत्येकानं ते रबरी चेंडू हातात घेतले होते. आणि मी खाटेपासून हाकेच्या अंतरावर होतो. ‘ते चेंडू फेकायचं यंत्र आहे, मी स्वतः चालवतो,’ एवढंच वाक्य. ते बोललो असतो तर म्होरक्यानं विचारलं असतं, तू कोणाचा? वकिलांचा. कोणते वकील? निजामाच्या साहेबांच्या क्लबात बसणारे... मी गप्प राहिलो. जमावाबरोबर चालत हमीदच्या घरापर्यंत गेलो, तोही गप्पच.

म्होरक्यानं दारात दरडावलं, “तोफ दाखव. गोळे कुठायत?” हमीद बोलायच्या आत त्याची अम्मी आत गेली आणि चेंडूंची टोपली घेऊन आली. बिचारीच्या घरात त्यांना गोळेच म्हणायचे. तिनं टोपली त्याच्या पायाशी ठेवली आणि म्हणाली, “ये लो बेटा, गोले. सब गिन लो.” म्होरक्याला वाटलं, म्हातारी आपली थट्टा करतेय. त्यानं टोपलीला लाथ घातली. चेंडू अंगणभर उड्या मारत गेले, आणि तेव्हा, देवाशपथ सांगतो, गर्दीतलं कुणीतरी हसलं. हमीद अम्मीच्या पुढे झाला. पहिला दंडुका त्यानं उजव्या हातावर झेलला. मनगट मोडलेलं मी ऐकलं. यंत्र त्यांनी घणांनी फोडलं आणि तुकडे कयाधू नदीत नेऊन टाकले. त्याला परभणीच्या तुरुंगात धाडलं. ज्याच्यावर खटला उभा राहिला नाही, ज्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून एक रबरी चेंडू तेवढा होता, त्याला गावानं ‘माफ’ केलं म्हणे!

तो सुटून आला तेव्हा मी त्याला बसस्टँडजवळ गाठलं. मनगट वाकडं जुळलेलं. माफी मागायला तोंड उघडलं तर तो म्हणाला, “नाव ठेवलं त्याचा राग न्हाई दत्तू. नाव मलाबी आवडलं व्हतं. पण त्या दिवशी त्याचं खरं नाव तुला काहून आठवलं न्हाई?” एवढं बोलून तो गेला. त्यानंतर त्यानं शिलाईमशीन दुरुस्तीचं दुकान टाकलं, लेकरं वाढवली. रस्त्यात भेटला की सलाम करायचा. पण मला घरी कधी बोलावलं नाही, आणि माझी जायची छाती झाली नाही.

शोकसभेनंतर काही दिवसांनी मी गेलो. त्याच्या थोरल्या मुलीनं चहा दिला आणि मागच्या दारानं मोकळ्या जागेत नेलं. मागची भिंत खालपासून डोक्याच्या उंचीपर्यंत गोल गोल डागांनी भरली होती. मध्ये, जाळीच्या उंचीवर, कोळशानं ओढलेली एक आडवी रेघ. ती म्हणाली, “अब्बा डाव्या हातानं खेळायचे, रोज दुकान बंद केल्यावर. दर ईदला चुना लावतो, पण हे डाग परत वर येतेत.” मी एका डागावर बोट टेकवलं. ती पुढे म्हणाली, “आमी लहानपणी समजायचो चाचा, टेनिस असंच असतंय. एकट्यानं, भिंतीसंगं.”

मी तिला सांगितलं, “नाही बेटा. त्याला समोर माणूस लागतो.”