मामांचा मेळ

एकट्याने करावी अशी एकही गोष्ट देवाने या जगात निर्माण केलेली नाही, अशी माझ्या मामांची पक्की खात्री होती. हिवरखेडजवळच्या आमच्या गावात ते कधी एकटे जेवले नाहीत. घरी कोणी नसले की ताट घेऊन ओसरीवर बसत आणि रस्त्याने जाणाऱ्याला, तो पोटभर जेवून आलेला असला तरी, हाताला धरून आत आणत. ताप आला तर शेजाऱ्यांनी येऊन आपल्याबरोबर थोडे कण्हावे, एवढीच त्यांची अपेक्षा असे. मामी म्हणायची, "लग्नात मले एकटीलेच आणलं, हेच नवल! संग चारजणी आणाले कसे इसरले?"

अमेरिकेत लढाई पेटली, तिकडचा कापूस विलायतेला जाईना आणि आमच्या काळ्या मातीतल्या कापसाला सोन्याचे दिवस आले. मुंबईचे व्यापारी अकोल्यात येऊन बसले. गावातला जो तो दुसऱ्याला चुकवून गाडी जुंपू लागला आणि बाजारात एकाच बांधाच्या दोन बाजूंच्या कापसाला दोन भाव मिळू लागले. हे मामांना सोसेना. ते दारोदार फिरले. "गाव एक, कापूस एक, मंग भावही एकच पाह्यजे. ज्याची गाडी पयले भरन, त्यानं थांबाचं." लोक हो म्हणाले, पटले म्हणून की मामांनी एकदाचे उठावे म्हणून, ते मला अजून कळलेले नाही. अशा रीतीने आमचा मेळ जमला आणि गावाच्या सगळ्या गाड्या एका रांगेत अकोल्याला निघाल्या. माझीही त्यात होती.

तिथे भाव तोंडाने सांगत नसत. व्यापाऱ्यांचा अडत्या आणि शेतकरी रुमालाखाली हात घालून बोटे दाबत. मामांनी रुमालच ओढून घेतला. "आमचा कापूस उघडा हाये, शेठ. तुमी भाव काहून झाकून राह्यले?"

सगळा बाजार हसला. अडत्या तेवढा हसला नाही. मग आमच्याकडे कोणी फिरकेना. बैलांचा कडबा संपत आला, त्यात अवकाळी आभाळ भरून आले. तेव्हा अडत्याने मामांना बाजूला घेऊन त्यांच्या एकट्याच्या गाडीला चढा भाव देऊ केला. मामा तिथूनच ओरडले, "आयका रे! शेठ मनाचे मोठे हायेत. अख्ख्या गावाले हा भाव देऊन राह्यले!"

अडत्या चिडून निघून गेला आणि सर सुरू झाली. मामा आपल्या गाडीवरची घोंगडी, जाजम ओढून दुसऱ्यांच्या गाड्यांवर टाकत धावत होते. पाऊस थांबला तेव्हा गावाचा कापूस कोरडा होता, मामांचा चिंब. व्यापाऱ्यांना माल हवाच होता. अडत्या परत आला आणि त्याने तोच भाव सगळ्यांना कबूल केला, फक्त भिजलेली गाडी सोडून. गाववाल्यांनी मामांचा भिजका कापूस खाली उतरवला. ज्याने त्याने आपल्या गाडीतून कवेत मावेल तेवढा कापूस काढला आणि मामांच्या रिकाम्या गाडीत आणून टाकला. जन्मात गप्प न बसलेले मामा परतीच्या वाटेवर एक शब्द बोलले नाहीत.

पुढे लढाई संपली, भाव कोसळला. भांडण कोणाचेच झाले नाही; पण गाड्या पुन्हा एकेकट्या जाऊ लागल्या आणि मेळ विरला. मामी गेल्यावर मामा परतवाड्याला मुलीकडे राहायला गेले. मी भेटायला गेलो तेव्हा त्यांनी कापसाबद्दल काहीच विचारले नाही. एकेका माणसाचे नाव घेऊन विचारत राहिले. कोणाचा गुडघा बरा झाला, कोणाची गाय व्याली. जे हयात नव्हते त्यांचेही विचारले, आणि मी सांगितल्यावर नुसती मान हलवली.

निघताना ते मला वाटेला लावायला आले. गावाबाहेरचा ओढा आला, मी म्हणालो, "मामा, फिरा आता माघारी."

"फिरतो ना बापू. चाल, अजून थोडं."

असे म्हणत ते बरेच लांब आले. मग एका बाभळीपाशी थांबले आणि मी वळणापर्यंत जाईतो तसेच उभे राहिले. ती वाट आणखी थोडी लांब असायला हवी होती, असे मला त्या दिवशी वाटले. अजूनही वाटते.