टाकीच्या आतले एकोणीस टिपके

मे महिन्याचा दुसरा रविवार, सकाळी अकरा. वलवणच्या आमच्या घरावरची लोखंडी पाण्याची टाकी आतून घासून प्रायमर मारायचा, अंदाज सात हजार आठशे रुपये. गच्चीवर हजर: मी, पत्नी, रंगारी, आणि डोळे दाखवायला आंदर मावळातून आलेली माझी वहिनी.

पत्नीने अट आधीच घातली होती. महिनाभर नळाला तांबूस पाणी येत होतं, भाताला लोखंडाचा वास लागत होता. "या वेळचा रंग टिकला नाही, तर टाकी भंगारात आणि प्लास्टिकची वर," ती म्हणाली. तिचं काही चुकत नव्हतं.

पण टाकी माझ्या थोरल्या भावाने केलेली. दादा नवलाख उंबऱ्याजवळच्या एका कारखान्यात वेल्डर होता. चार रविवार येऊन त्याने इथेच गच्चीवर पत्रे जोडले. सव्वा मीटर लांब, सव्वा मीटर रुंद, दोन हजार लिटर. शेवटच्या रविवारी आम्ही वीस लिटरच्या डब्याने पाणी ओतलं. मी डबे मोजायचे, पाच झाले की दादाने खडूने रेघ मारायची. मग टाकी रिकामी करून प्रत्येक रेघेवर त्याने वेल्डिंगचा एकेक टिपका ठेवला. एकोणीस टिपके. दोन टिपक्यांत सहा सेंटिमीटरहून थोडं जास्त अंतर. फक्त अकराव्या आणि बाराव्यात पाचच. तिथे मी चार डबे मोजून पाच म्हणालो होतो.

"आरं हिशोबनीस, तुज्यासारक्याला बँकेत कुणी ठेवलं?" दादा टाकीतून ओरडला होता. आवाज घुमला. मी म्हणालो, बारावा टिपका घासून पुन्हा ठेव. "न्हाई. ऱ्हाऊ दे. तुजी सही हाय ती."

दादाला जाऊन चार वर्षं झाली. तेव्हापासून मी रोज सकाळी झाकण उघडून पाणी कितव्या टिपक्याला आहे ते बघायचो. मोटर आपोआप बंद होते, बघायची गरज नव्हती. बाराव्याच्या वर पाणी असलं की वीस लिटर वजा करायचो आणि खाली यायचो.

रंगारी आदल्या आठवड्यात म्हणाला होता, "काका, रेड ऑक्साइडचे दोन हात मारू. गेटला, ग्रिलला सगळे तेच मारतात." दादानेही तेच मारलं होतं आणि त्याचे पोपडे आता हातात येत होते. शिवाय हे पिण्याचं पाणी. मी बाजारात तीन दुकानं फिरलो. पहिल्या दोघांनी डबा पुढे केला. पिण्याच्या पाण्याला चालतो का, हे डब्यावर दाखवा म्हटल्यावर डबा परत फळीवर ठेवला. तिसऱ्याने दोन डब्यांचा इपॉक्सी प्रायमर दिला आणि सोबत छापील कागद. चार भाग रंग, एक भाग हार्डनर. पत्रा कोरडा ठणठणीत हवा, म्हणजे आमच्याकडे जूनच्या आतच. शेवटच्या हातानंतर सात दिवस पाणी भरायचं नाही, मग दोनदा धुऊन घ्यायचं.

त्या रविवारी गच्चीवर मी तो कागद सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवला. एक ओळ सोडून. आतले वेल्डिंगचे उंचवटे घासून सपाट करावेत, टोकावर रंग पातळ बसतो आणि गंज तिथूनच सुरू होतो, अशी ती ओळ होती. वीज बिलामागचा बारीक मजकूरसुद्धा वाचणारा मी. कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली.

रंगाऱ्याने तारेच्या ब्रशने आतून घासून ठेवलं होतं. वहिनीने पदर खोचला आणि शिडीवरून आत उतरली.

"मावशी, पडाल!" रंगारी म्हणाला.

"रोज डोंगर चढते मी. तू तुजं बग." मग आतून आवाज आला, "भावजी, हितं या."

मी उतरलो. ती टिपक्यांवरून बोट फिरवत होती. प्रत्येक टिपक्याखाली गंजाचा ओघळ होता.

"ह्यातनंच उतरलाय गंज. घासून टाका."

"वहिनी, हे दादाने..."

"म्हाईत हाय मला. त्या दिशी भाकरी घिऊन मीच आलते. दोगं डब्यावरनं भांडत हुता." ती हसली. मग हसू थांबलं. "जोडावर हात फिरवून टोचलं, तर त्यो माणूस ताटावर बसत नव्हता. आन् तुमी त्येच्या नावानं ह्ये टोचरं ठिवणार व्हय?"

मी खिशातला कागद काढून राहिलेली ओळ वाचली. वर पत्नीने ती ऐकली आणि लोखंड घासणाऱ्या ग्राइंडरवाल्याला फोन लावला.

ग्राइंडरवाला दुपारी आला. अकराव्यापर्यंत मी आत उभा होतो. बाराव्याच्या वेळी वर आलो. ठिणग्यांचा वास जिन्यापर्यंत येत होता. चाळीस मिनिटांत काम झालं. मग मी आत उतरून खालपासून वरपर्यंत हात फिरवला. कुठेच अडला नाही. एकदा तरी अडावा असं वाटत होतं, म्हणून पुन्हा फिरवला.

प्रायमरचे दोन हात झाले, सात दिवस कोरडे गेले, टाकी दोनदा धुतली. पाणी स्वच्छ येतंय. टाकी राहिली. झाकण मी अजून सकाळी उघडतो. पाणी किती आहे ते आता सांगता येत नाही.

एकूण खर्च आठ हजार शंभर. प्रायमरचे चार हजार आठशे दुकानदाराला, मजुरीचे तीन हजार रंगाऱ्याला, आणि तीनशे ग्राइंडरवाल्याला, रोख.