निम्म्या भाड्याची खाट

दोन हजार तेवीस साल. माझं वय सत्तावन्न. कतारमध्ये अल खोरला, आठ खाटांच्या एका खोलीत, मी सात माणसांपुढं मटणाचं पातेलं ठेवलं आणि सातही जणांची भूक एकाच वेळी मेली.

एकाचं पोट बिघडलं. एकाचा उपास निघाला. एक म्हणाला, डॉक्टरनं मटण बंद केलंय. मागच्या शुक्रवारी याच सातांनी हाडं चोखून ताटाबाहेर ठेवली होती. तेव्हा स्वयंपाकाची पाळी आबाची होती. आबा कऱ्हाडकडचा, क्रेन चालवायचा. खोली त्याच्या नावावर, म्हणून कारभारही त्याचा. त्या शुक्रवारी पाळी माझी होती.

"येतो जाऊन जरा," म्हणत सगळे खाली गेले. तासाभरानं आले तेव्हा हातांना शावर्म्याचा वास होता. मी एकटा पातेल्यासमोर बसून जेवलो. रस्सा झकास झाला होता. हे मी सांगणारच.

मला कारण माहीत होतं. त्याच्या दोन दिवस आधी आबानं सहज विचारलं होतं, "काका, गावात घर कुठल्या आळीला तुमचं?" मी म्हणालो, "बौद्धवाड्यात." लपवायचं कशाला? आबा "बरं बरं" म्हणाला आणि मोबाईल घेऊन बाहेर गेला.

मी एका वर्षाच्या करारावर गेलो होतो. रास लफानच्या गॅस कारखान्यातल्या एका कँटीनमध्ये चपात्या करायला. नातीला नर्सिंगला घातलं होतं. तिचा बाप नाही. कंपनीच्या पत्रात स्पष्ट लिहिलं होतं, राहण्याची सोय ज्याची त्यानं बघावी. चौथी शिकलेला माणूस मी, पत्र दोनदा वाचलं आणि अंगठा नाही, सही केली. वाटलं, आपली माणसं आहेत तिथं, कुणीतरी कोपरा देईल.

अकरा दिवस हिंडलो. दोह्यात कामगाराला परवडेल अशी खाट म्हणजे जिन्याखालची. लुसैलमध्ये एका पुण्याच्या बाईंनी खोली द्यायची आहे असं कळवलं होतं. त्यांनी दार अर्धंच उघडलं. माझ्या चपलांकडं बघून म्हणाल्या, "आम्हाला ऑफिसमधले हवेत हो, काका." त्यानंतर कुणीतरी आबाचा नंबर दिला. आबा फोनवर म्हणाला, "मराठी माणूस ना? मग या की. आपलीच खोली समजा." मी देवाला मानत नाही, पण त्या दिवशी कुणाला तरी हात जोडावेसे वाटले.

शावर्मा खाऊन आल्यावर आबा माझ्या खाटेवर येऊन बसला. आवाज अगदी मऊ.

"काका, तुमचं वय झालं. दिवसभर तव्यापुढं असता, इथं परत गॅसपुढं कशाला? असं करू, तुम्ही स्वयंपाकातून मोकळे. संडास-बाथरूम तेवढं रोज बघा. आणि भाडं निम्मं द्या. तुमच्याच सोयीचं."

निम्मं भाडं. नातीची वह्या-पुस्तकं डोळ्यांपुढं आली. मी मान हलवली.

हो, हलवली. हेही लिहितो. नऊ दिवस मी त्या सात जणांचा संडास धुतला. कामाची लाज नाही मला. पण माझ्या आज्यानं गावाची घाण काढायचं काम केलं, बापानं भांडून सोडलं, आणि मी समुद्र ओलांडून, विमानानं जाऊन, ते परत हातात घेतलं. तेही सवलतीत. बायकोनं फोनवर विचारलं, "आज स्वयंपाक कुणाचा?" मी म्हणालो, "माझा."

दहाव्या दिवशी दुपारी सचिन कँटीनच्या खिडकीशी आला. आमच्याच खोलीतला, माझ्या वरच्या खाटेवरचा. परातीसारखं ताट पुढं केलं. "काका, अजून दोन टाका. गरम बघून." पाच चपात्या खाल्ल्या त्यानं. ढेकर दिला. जाताना म्हणाला, "तुमच्या हाताला चव आहे राव."

त्याच संध्याकाळी तोच सचिन टॉवेल गुंडाळून माझ्यापुढं उभा. "काका, बाथरूमच्या जाळीत केस अडकलेत. बघा जरा."

त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. तेच मला सहन झालं नाही.

"तुझे हात कुठं गेले?"

तो हसला. "अहो, ते तुमच्याकडं आहे ना."

"दुपारच्या पाच चपात्या कुणाच्या हातच्या होत्या?"

"आँ?"

"तिथं माझे हात चालतात. इथं फक्त संडासाला चालतात?"

आबा उठला. "काका, विषय वाढवू नका. कुणी तुमची जात काढली का?"

"नाही काढलीस. काढली असतीस तर पहिल्याच दिवशी तुला जागेवर उत्तर दिलं असतं. तू सोय काढलीस, आणि मी ती खाल्ली. आजपासून बंद. भाडं पुरं घे. स्वयंपाकाची पाळी मला पाहिजे. संडासाची दर आठव्या दिवशी, सगळ्यांसारखी."

"जमत नसेल तर दुसरी खोली बघा मग. खलास."

"मी बघणार नाही. ज्याला माझ्या हातचं चालत नाही, त्यानं बघावी."

सचिन टॉवेलवर तसाच उभा राहिला. मी कूस बदलून झोपलो. झोप लागली, खोटं कशाला सांगू.

दुसऱ्या दिवशी पहाटे उठलो. कामाच्या बसला वेळ होता. फ्रिजवर पाळ्यांचा कागद चिकटवलेला होता. संडासाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत 'काका, काका, काका'. मी कागद काढला. मागच्या कोऱ्या बाजूला आठही नावं लिहिली, स्वयंपाकाला आठ, संडासाला आठ. काका नाही लिहिलं. माझं नाव लिहिलं, आडनावासकट. अक्षर चौथीचंच, पण ठळक. संडासाच्या पहिल्या ओळीत लिहिलं, आबा.

मग फिनेलची बाटली आणि ब्रश आणला. आबा घोरत होता. त्याच्या खाटेच्या पायथ्याशी, चपलांशेजारी, दोन्ही नीट उभे करून ठेवले, आणि बस पकडली.