मामांचा कप

बोईसर स्टेशनपासून तारापूरच्या कारखान्यांपर्यंत आमच्या मामांनी ज्याचं रक्त तपासलं नाही असा माणूस सापडणं कठीण, आणि ज्याच्या कपातून त्यांनी चहा घेतला असा तर नाहीच नाही. रक्त तपासण्याची छोटीशी लॅब चालवणारा हा गृहस्थ शबनम पिशवीत स्वतःचा कप घेऊन हिंडायचा. माझ्या लग्नात व्याह्यांनी पुढे केलेला चहा त्यांनी भर मांडवात आपल्या कपात ओतून घेतला. वर म्हणाले, "मी दिवसभर लोकांच्या आतलं बघतो, म्हणून."

दुसरं वेड बोलण्याचं. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी कुठल्याशा मासिकात वाचलं की माकडांतही एचआयव्हीचा एक भाऊबंद असतो, आणि रक्तातल्या एका जातीच्या पांढऱ्या पेशी त्याला दाबून ठेवतात. त्या काढून घेतल्या की विषाणू उसळतो. झालं. मामा मूळचे एडवणच्या कोळीवाड्यातले. त्यांना वाळत घातलेल्या बोंबलांपाशी काठी घेऊन बसणारी म्हातारी आठवली. ती काही सगळे कावळे मारत नाही, पण ती बसलीय तोवर बोंबील शाबूत. ही म्हातारी त्यांनी न्हाव्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना ऐकवली. माणसातही ती बसलेली असते, फक्त आपल्यात लवकर थकते, असं ते सांगत.

एकदा सरावलीत भाड्याने राहणारा एक कामगार एचआयव्हीचा रिपोर्ट घ्यायला आला. रिपोर्ट वाईट होता. मामांनी त्याला धीर द्यायला तीच म्हातारी काढली, पण नेहमीच्या खणखणीत आवाजात आणि दार उघडं टाकून. बाहेर त्याच्या घरमालकिणीची जाऊ साखर तपासायला बसली होती. संध्याकाळच्या आत त्याची ट्रंक ओट्यावर आली.

हे कळल्यावर मामा जेवले नाहीत. आपल्याच तोंडाने एकाचं घर घालवलं म्हणत बसले. सकाळी मामींनी वर्तमानपत्रात गुंडाळून दिलेला कप पिशवीत टाकला आणि मला स्कूटरवर घेऊन सरावली गाठली. तो कामगार ट्रंकेवर बसून चहा पीत होता. मामांनी मालकिणीला माकडं, पेशी, कावळे, सगळं सांगितलं. एकत्र राहिल्याने, उष्ट्यामाष्ट्याने हा रोग होत नाही, हेही सांगितलं. बाई शांतपणे म्हणाली, "मंग तुमी सोताचा कप घेऊन का फिरता?"

 मामा ट्रंकेपाशी गेले, त्या माणसाच्या हातातला कप घेतला आणि त्यातला उरलेला अर्धा चहा उभ्या उभ्या पिऊन टाकला. ट्रंक मी आत नेली. बाईने अडवलं नाही.

तो दोनेक वर्षं त्याच खोलीत राहिला. मामा दर रविवारी तिथे चहाला जात. तो गेला त्या दिवशी ते लॅबच्या पायरीवर बसून होते. मला म्हणाले, "म्हातारी दमली रे." त्यानंतर म्हातारीची गोष्ट त्यांनी कुणालाही सांगितली नाही.

आता मामाही नाहीत, आणि त्यांची बडबड मला फार आठवते. त्यांची पिशवी माझ्याकडे आली. कप त्यात होता, सरावलीला निघताना त्या सकाळी मामींनी गुंडाळून दिलेल्या वर्तमानपत्रातच.