दंड धरून बसलेली पोरं

चौथी शिकलेल्या बाईला बालवाडी दिली होती, हे आज सांगितलं तर लोक हसतात. सत्तर सालानंतरची गोष्ट. पुणतांब्याजवळच्या आमच्या गावात दुसरी कोणी तयार नव्हती, म्हणून मला मिळाली. देवळाच्या ओवरीत वीस-बावीस पोरं घेऊन बसायचे.

एकदा पुण्याहून एक बाई आल्या. खेड्यातली लहान मुलं कशी बोलतात, याचा त्या अभ्यास करत होत्या. बरोबर आलेल्या, बालवाड्या तपासणाऱ्या साहेबांनी मला आधीच बजावलं, "मुलं बोलली नाहीत तर बालवाडी बंद." माझी चूल त्याच पगारावर पेटायची.

बाईंनी कातडी पिशवीतून चित्रं काढली. गाय दाखवून विचारलं, "बाळा, हे काय आहे?" पोरगं गप्प. बैल दाखवला, गप्प. विहीर, गप्प. एरवी ही पोरं माझं डोकं खायची. आता सगळी आपापला दंड घट्ट धरून बसलेली. बाई वहीत लिहीत होत्या. काय लिहीत असतील ते कळतच होतं.

दंड बघून माझ्या ध्यानात आलं. पांढरं पातळ, कातडी पिशवी, वही. अशी माणसं आमच्याकडे फक्त देवीची लस टोचायला यायची.

"बाई, ती पिशवी भाईर ठेवा आन् हात दाखवा त्यांला."

"हात?"

"दोनी. सुई न्हाई ते दिसू द्या."

बाईंनी हात पुढे केले. एका पोरीने ते उलटेपालटे करून तपासले.

"तुमी टोचनारी न्हाई?"

"नाही गं."

"मंग आदी का न्हाई सांगितलं?"

झालं. जो तो दंडावरचा वण दाखवायला लागला. त्या पोरीने तर भावाची सगळी कथाच सांगितली. तो कणगीत लपला, आजीने वर सूप झाकलं, तो आत शिंकला, टोचणाऱ्याने ओढून काढला, बाजरी सांडली आणि कोंबड्यांनी खाल्ली. सगळं एका दमात.

"सावकाश सांग," बाई म्हणाल्या.

"तुमीच बिगी लिवा की!"

साहेब कुरकुरले, "पण चित्रं कुठं ओळखली?"

"या गावात गाय न ओळखणारं मूल असेल का हो?" बाई म्हणाल्या. "माझंच चुकलं."

त्यांनी बालवाडीच्या शेरेबुकात शेरा लिहून माझ्यापुढे धरला. बालवाडी चालू ठेवावी. मी अक्षर अक्षर लावून दोनदा वाचला. साहेबांवर माझा भरवसा नव्हता, म्हणून म्हटलं, "बाई, खाली सही करा."